सदतिसाव्या टेबलावरची कोंडी

बुद्धिबळाच्या स्पर्धेत टेबलांना क्रमांक कसे देतात, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं. सगळ्यांत जास्त गुणवाले दोघे एक नंबरच्या टेबलावर, त्यांच्याहून कमी गुणांचे दोन नंबरवर, असं करत करत शेवटी ज्यांचं काहीच जमलेलं नाही ते सर्वांत मागे. नगरमधल्या त्या स्पर्धेत टेबलं सदतीस होती. सहाव्या, म्हणजे शेवटच्या फेरीला मी बसलो होतो सदतिसाव्या टेबलावर. दाराला लागून, पाण्याच्या जारशेजारी. येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या डोक्यावरून हात घालून ग्लास भरून घेत होता.

मी नागापूरला एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. लेथवरून उतरलेले शाफ्ट मोजायचे, मापात नसेल तो बाजूला काढायचा. बुद्धिबळ मी लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शिकलो आणि नंतर सोडलंच नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत दोन डाव. पुढे पुढे मी बरेच जिंकायला लागलो आणि मला वाटायला लागलं की आपल्यात काहीतरी आहे. स्पर्धेला नाव दिलं तेव्हा बायको म्हणाली, "मोबाईलमधली माणसं हरतात म्हणून खरी माणसं हरतील असं धरून चालू नका." रविवारी सकाळी साडेनऊला पहिली फेरी सुरू झाली आणि दहाच्या आत तिचं म्हणणं खरं ठरलं.

पहिल्या फेरीत माझ्यासमोर एक दातांच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मला सतरा चालींत मात दिली. हात मिळवताना म्हणाल्या, "तुम्ही विचार करताना दात फार आवळता. दाढा झिजतील." एवढंच बोलून त्या पुढच्या टेबलांकडे निघून गेल्या, आणि मी एकेक टेबल मागे सरकत गेलो. पाच फेऱ्यांनंतर माझा एक गुण होता, तोही समोरचा गडी आलाच नाही म्हणून मिळालेला.

सहाव्या फेरीला माझ्यासमोर जे गृहस्थ येऊन बसले, त्यांचाही एकच गुण होता. तो कसा मिळाला हे त्यांनीच सांगितलं. "समोरच्याचा फोन वाजला. पंच म्हनाले, तुमी जितला." ते घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात म्हशींचे दलाल होते. साठी ओलांडलेली, पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. बुद्धिबळ बाजारातल्या लिंबाखाली बसून शिकलेले. तिथले नियम थोडे वेगळे होते, त्यामुळे दिवसभर त्यांना कोणी ना कोणी काहीतरी समजावत होतं. प्यादं पहिल्यांदा दोन घरं चालतं, हे त्यांना दुसऱ्या फेरीत कळलं. तरी ते एकच घर चालवायचे. म्हणायचे, "एवढी घाई कशाची?"

हॉल चर्चच्या आवारातला होता. पंच होते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. लॅपटॉपही तेच चालवत होते. खेळाडूंनी आपसात बोललेलं त्यांना अजिबात खपत नसे. कोणी नुसतं कुजबुजलं तरी त्यांची मान त्या दिशेला वळायची.

आमचा डाव लांबला. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं आणि दर चालीला वर दहा सेकंद मिळत होते, आणि आम्ही दोघं त्या दहा सेकंदांवर जगत होतो. मी आधी एक उंट फुकट दिला. मग त्यांनी घोडा. मग मी हत्ती द्यायला निघालो होतो, पण त्यांच्या ते लक्षातच आलं नाही. आजूबाजूची टेबलं एकेक करून रिकामी झाली. खुर्च्या सरकवल्याचे आवाज थांबले. मी मान वर केली तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये आम्हीच दोघं खेळत होतो, आणि आमच्याभोवती वीस-पंचवीस माणसं हाताची घडी घालून उभी होती.

मला वाटलं, आपला डाव रंगलाय.

खरी भानगड वेगळी होती. ती मला पंचांच्या बोलण्यावरून कळली. दोन जणांचे गुण सारखे होऊन पहिल्या क्रमांकाला बरोबरी झाली होती. एक त्या दातांच्या डॉक्टरबाई आणि दुसरे बँकेतले एक अधिकारी. अशा वेळी त्या दोघांनी ज्यांच्या-ज्यांच्याशी डाव खेळले, त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज जास्त, तो पहिला. पंचांनी बेरीज केली होती. ती दोघांची अगदी सारखी आली होती, फक्त एक डाव व्हायचा बाकी होता. डॉक्टरबाईंनी पहिल्या फेरीत मला हरवलं होतं. बँकवाल्या साहेबांनी पहिल्या फेरीत माझ्यासमोरच्या काकांना हरवलं होतं. म्हणजे मी जिंकलो तर करंडक डॉक्टरबाईंचा, काका जिंकले तर बँकवाल्यांचा.

सबंध स्पर्धेतला सगळ्यांत वाईट डाव आता स्पर्धेचा निकाल लावणार होता.

त्यानंतर आमची जी बडदास्त सुरू झाली, तशी माझी लग्नातही झाली नव्हती. डॉक्टरबाई आल्या आणि एक शब्द न बोलता माझ्यासमोर चहाचा कप ठेवून गेल्या. ते पाहून बँकवाले साहेब कोपऱ्यातला स्टँडचा पंखा ओढत घेऊन आले आणि काकांच्या दिशेनं लावला. वाऱ्यानं काकांची टोपी उडाली. डॉक्टरबाईंनी कुठून तरी उशी आणली आणि माझ्या पाठीशी सारली. बँकवाल्यांनी काकांसाठी बिस्किटांचा पुडा फोडला. पंच ओरडले, "खेळाडूंना काही देऊ नका!" तेव्हा त्यांनी तो पुडा तसाच, काकांना पोचेल अशा अंतरावर, टेबलाच्या कडेला ठेवला. काकांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि एक मला दिलं.

पावणेसहाला दारात बायका-पुरुषांचा एक घोळका येऊन उभा राहिला. चर्चचं गायनमंडळ. सहा वाजता त्याच हॉलमध्ये त्यांचा सराव होता. हार्मोनियम घेऊन पुढे उभ्या असलेल्या बाई पंचांच्याच पत्नी निघाल्या.

"अहो, सहा वाजत आले."

"डाव चालू आहे," पंच म्हणाले.

"कोणत्या टेबलावरचा?"

"सदतीस."

बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की मी पुढची चाल न बघताच केली. मंडळ मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलं. कोणीतरी हार्मोनियमचा एक सूर धरून पाहिला. पंचांनी मान वळवली, सूर बंद झाला.

या वेळेपर्यंत पटावर माझा राजा आणि तीन प्यादी होती, त्यांचा राजा आणि एक प्यादं. मी चक्क जिंकत होतो. समोर बसलेल्या, दिसणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी हरवलं नव्हतं.

तेवढ्यात काकांनी खांद्यावरचा टॉवेल काढून गुडघ्यावर पसरला, टेबलाखालून हात पुढे केला आणि माझा डावा हात टॉवेलाखाली ओढून घेतला. माझ्या पहिल्या बोटाचं मधलं पेर त्यांनी चिमटीत धरलं आणि दाबलं. एकदा, मग पुन्हा एकदा. नजर पटावर, चेहऱ्यावर काही नाही.

मला वाटलं, यांना बरं वाटत नाही. साखर उतरली असेल, छातीत काही होत असेल. मी घाबरून त्यांची पाचही बोटं घट्ट धरली. त्यांनी हळूच मान हलवली, नाही अशी. हात सोडवून घेतला आणि पुन्हा माझं पेर दाबलं. मी पुन्हा पाच बोटं धरली, या वेळी जास्त जोरात.

"पाच न्हाई वो," ते हळू आवाजात म्हणाले. "अर्धा."

पंच तीन ढांगांत आमच्यापाशी आले. "टेबलाखाली काय चाललंय?"

पंचांनी वाकून पाहिलं. टॉवेल, टॉवेलाखाली दोन हात. पंचांनी आपल्या आयुष्यात कॉपीचे किती प्रकार पाहिले असतील देव जाणे, पण हा त्यांना नवा होता. त्यांनी टॉवेल उचलून झटकला. त्यातून काहीच पडलं नाही.

"सौदा चाल्लाय," काका शांतपणे म्हणाले. "बाजारात आमी असंच करतो. फडक्याखाली हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. आख्खं बोट म्हंजे एक, पेर म्हंजे अर्धा. मी ह्यांना म्हनलं, अर्धा-अर्धा गुन घेऊ. ते पाचावर अडून बसले."

"म्हणजे तुम्ही ड्रॉ मागितलात?"

"व्हय."

"तो तोंडानं मागायचा असतो! आणि आपली चाल केल्यावर."

"तोंडानं सांगितला म्हंजे सगळ्या बाजाराला भाव कळतो," काका म्हणाले. त्यांनी भोवतीच्या गर्दीकडे हात केला. "त्या बाई तिकडून बगत्यात, हे सायेब हिकडून. आमच्या दोघांच्या जिवावर त्यांची भांडनं कशाला लावायची? लई चांगली मानसं हायती दोगं."

पंचांनी टॉवेल जप्त केला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवायला सांगितलं. काकांनी राजाची चाल केली, घड्याळ दाबलं आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "ड्रॉ देता का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरबाई, बँकवाले, गायनमंडळ. खरं सांगायचं तर त्या माणसाला नाही म्हणताना मला लाज वाटली. पण तीन प्यादी होती माझी. तीन.

"नको," मी म्हणालो.

"बरं," काका म्हणाले. मनात काही धरलं नाही. "चाला मग."

मी चाललो. त्यांचं प्यादं मी खाल्लं. माझं एक प्यादं पुढे पुढे सरकत शेवटच्या घरात पोचलं आणि त्याचा वजीर झाला. मघाशी मारला गेलेला माझा वजीर मी पुन्हा पटावर ठेवला. काकांकडे आता एकटा राजा. मी शह द्यायचा, त्यांनी राजा हलवायचा, असं करत करत तो राजा माझ्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात गेला. मोबाईलवर इथून पुढे मी डोळे झाकून जिंकतो. म्हणून इथंही झाकल्यासारखेच होते. मी वजीर उचलला, कोपऱ्यातल्या राजापासून अडीच घरांवर ठेवला आणि घड्याळ दाबलं.

डॉक्टरबाईंच्या तोंडून "अरे देवा" असं आलं. बँकवाल्यांनी दोन्ही हात वर केले आणि लगेच खाली घेतले.

मला काही कळेना. मी पटाकडे पाहिलं. त्यांच्या राजाला शह नव्हता. आणि त्याला जायला एकही घर नव्हतं. हे असं झालं की डाव बरोबरीत सुटतो, हे मला माहीत होतं. मोबाईलनंही मला चारदा शिकवलं होतं.

काका मात्र उठून उभे राहिले. त्यांनी राजा आडवा केला, माझा हात हातात घेतला. "जितला तुमी. झ्याक खेळला."

"बरोबरी," पंच म्हणाले. "ड्रॉ. अर्धा-अर्धा."

"न्हाई न्हाई, मी हारलो."

"काका, तुम्ही हरला नाहीत."

"आवं, माझी चाल हाय आन मला चालता येत न्हाई. राजा कोंडला. आमच्या लिंबाखाली ह्याला हारलाच म्हनत्यात. मला फुकटचा अर्धा नको."

आता डॉक्टरबाई पुढे झाल्या. "सर, ते स्वतः म्हणतायत ना हरलो म्हणून? खेळाडूनं हार मान्य केली की निकाल लागला."

"ते काय म्हणतात त्याला अर्थ नाही," बँकवाले म्हणाले. "राजा कोंडला त्या क्षणी डाव संपला. संपलेल्या डावात हरता येत नाही."

पंचांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. ते इंग्रजीतलं एक वाक्य वाचायचे, मग त्याचं मराठी करून काकांना सांगायचे, आणि काका प्रत्येक वाक्याला "ते बराबर हाय, पन मी हारलो" म्हणायचे. इतक्या प्रामाणिकपणे हरायला मागणारा माणूस पंचांना त्यांच्या सगळ्या नोकरीत भेटला नसावा. शेवटी ते चिडले. "शह आहे का तुमच्या राजाला? कोणी मारतंय का?"

"न्हाई."

"मग हरलात कसे?"

"हालता येत न्हाई, म्हनून."

मागून पंचांच्या पत्नींचा आवाज आला. "अहो, त्यांना हरायचं असेल तर हरू द्या की! आम्हाला हॉल द्या."

गायनमंडळ हसलं. पंच हसले नाहीत. निकालाच्या कागदावर दोन्ही खेळाडूंच्या सह्या लागत होत्या, आणि काका पेन हातात घेत नव्हते. घड्याळात सव्वासहा झाले.

मग काका माझ्याकडे वळले. "तुमी सांगा. तुमी जितला का?"

आता मागे वळून पाहताना वाटतं, दिवसभरात मला कोणी खरोखरचा प्रश्न विचारला असेल तर तो हाच. डॉक्टरबाई माझ्याकडे बघत होत्या. चहा त्यांचा प्यालो होतो, उशी पाठीशी होती. मी हो म्हटलं असतं तरी नियम बदलला नसता, पण काका तिथंच अडून बसले असते. मी शाफ्ट मोजणारा माणूस. मापात नसलेला माल मापात आहे असं लिहायला मला जमत नाही, एवढं एकच कौतुक आजवर माझ्या वाट्याला आलंय.

"नाही," मी म्हणालो. "जिंकायची संधी होती. मला जिंकता आलं नाही."

काकांनी थोडा वेळ पटाकडे पाहिलं. आडवा केलेला राजा उचलून पुन्हा कोपऱ्यात उभा केला. "मग ठीक. तुमी जितला न्हाई, तर मी एकटाच कसा हारीन?" असं म्हणून त्यांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

बरोबरी झाल्यामुळे डॉक्टरबाईंची आणि बँकवाल्यांची बेरीज पुन्हा सारखीच राहिली. पंचांनी अजून दोन प्रकारे आकडेमोड करून पाहिली, तीही सारखी आली. गणिताच्या मास्तरांना ते फार लागलं. शेवटी ते म्हणाले, "छापा-काटा करू." पण नाणं कोणाकडेच नव्हतं. सगळे मोबाईलवरून पैसे देणारे. तीस-पस्तीस माणसांनी खिसे चाचपले, गायनमंडळातल्या बायकांनी पर्सा उघडल्या. मिळालं ते काकांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात. करंडक डॉक्टरबाईंना गेला. प्रमुख पाहुणे कंटाळून कधीच निघून गेले होते, म्हणून तो पंचांच्या पत्नींनी दिला, तोही घाईघाईत, एका हातानं, कारण दुसऱ्या हातात हार्मोनियमचा भाता होता.

काकांना मी स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. घोडेगावच्या गाडीला वेळ होता, म्हणून आम्ही बाकावर बसलो. मी विचारलं, "या वयात स्पर्धेत कसे काय आलात?"

ते म्हणाले, लिंबाखाली त्यांच्याबरोबर खेळणारा एकच माणूस होता. पस्तीस वर्षं दर आठवड्याला बाजार उठला की दोघं पट मांडायचे. तो गेल्या हिवाळ्यात गेला. बाकीच्यांना पत्ते येतात, बुद्धिबळ कोणालाच येत नाही. "नातीनं मोबाईलवर जाहिरात दावली. म्हनलं, जाऊन बगू, कुनी खेळाया मिळतंय का." मग म्हणाले, "मिळाली. सहा मिळाली. पन सगळी लई घाईची."

गाडी लागली तेव्हा त्यांनी मला बाजाराच्या दिवशी यायला सांगितलं. मी म्हटलं, माझी ड्युटी असते. ते म्हणाले, रजा टाका.

दोन महिन्यांनी मी खरंच रजा टाकली. पट लिंबाखाली एका पोत्यावर मांडलेला होता. डाव निम्म्यात आला असताना एक गिऱ्हाईक आलं, म्हैस बघायला. काका टॉवेल खांद्यावर टाकून उठले आणि म्हणाले, "हात लावू नका, आलोच." ते सव्वा तासानं आले. तेवढा वेळ मी पटाशेजारी बसून शेळ्या हाकलत होतो. एका शेळीनं तरी एक प्यादं चाटलंच. काका परत आले, बसले, पटाकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो. चाल कोणाची होती हे आम्हा दोघांनाही आठवेना.

"तुमीच चाला," ते म्हणाले. "तुमी पावनं."

मी प्यादं एक घर पुढे सरकवलं.